ठगाची जबानी लिहिणारा टेलर

हिंगोलीच्या छावणीत हरिसिंग नावाचा एक कापडव्यापारी होता. माणूस सभ्य, व्यवहाराला चोख. छावणीतील साहेबलोकही त्याच्याकडूनच माल घेत. मुंबईहून कापड आणायचे म्हणून त्याने एकदा सरकारी अधिकाऱ्याकडे रीतसर परवाना मागितला आणि तो त्याला मिळाला. वस्तुतः ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते आणि मालकासह वाटेवर होते. हरिसिंगाने त्या मालकाला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांनाही गळफास देऊन संपवले, परवान्याच्या आधारे माल हिंगोलीत आणला आणि उघड बाजारात विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच हे सांगितले नसते, तर कोणाला त्याचा पत्ताही लागला नसता. त्याच्याशी देवघेव केलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी एकाचे नाव फिलिप मेडोज टेलर. छावणीच्या पहाऱ्यापासून जेमतेम काही शे यार्डांवर पुरलेली प्रेते उकरली जात असताना हा टेलर तेथे उभा होता. ज्याच्याकडून आपण विश्वासाने कापड घेतले तो कोण होता, हा प्रश्न त्याने पुढे जन्मभर सोडला नाही.

टेलरचा जन्म 25 सप्टेंबर 1808 रोजी लिव्हरपूल येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी, 1824 मध्ये, मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनी करण्यासाठी त्याला धाडण्यात आले. येऊन पाहतो तो पेढी डबघाईला आलेली. एका नातलगाच्या ओळखीने त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि त्याच्या आयुष्याची दिशाच बदलली. तो कंपनी सरकारचा नोकर नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कंपनीच्या अधिकाऱ्यांना मिळणारी बढती, निवृत्तिवेतन आणि मान यांच्या उंबरठ्यावरच तो बराच काळ राहिला. हैदराबादचे प्रसिद्ध सावकार विल्यम पामर यांच्या कन्येशी त्याचा विवाह झाला. पामरांची आई मुसलमान होती. साहेबांच्या जगात आणि दरबारी जगातही टेलर असा अर्धा आत, अर्धा बाहेर होता. मराठी, तेलुगू, हिंदुस्थानी या भाषा तो केवळ हुकूम सोडण्यापुरत्या शिकला नाही. त्या भाषांतून लोकांच्या गोष्टी ऐकू लागला.

अगदी तरुण वयात हैदराबादच्या नैर्ऋत्येकडील मुलुखात पोलीस अधिकारी असताना रस्त्याकडेला सापडणाऱ्या प्रेतांनी त्याला अस्वस्थ केले होते. तपासाचा धागा हाती येतो न येतो तोच त्याला पलटणीत परत बोलावण्यात आले. ठगांचा छडा लावल्याचे श्रेय मध्य हिंदुस्थानात स्लीमनकडे गेले, आणि ही खंत टेलरने शेवटपर्यंत बाळगली. मात्र माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या दिवसचे दिवस टिपून घेण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. त्यांतूनच 1839 मध्ये लंडनला तीन भागांत प्रसिद्ध झालेली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी जन्मली. राणी व्हिक्टोरियाला पुस्तक बांधून होईपर्यंत धीर धरवला नाही. तिने मुद्रितेच मागवून वाचली.

कादंबरीचा नायक अमीर अली कैदेत आहे आणि एका साहेबाला आपली हकीकत सांगतो आहे. साहेब बहुतेक वेळ गप्पच असतो. वाटसरूंशी गोड बोलून मैत्री जोडावी, चार मुक्काम सोबत करावी आणि एके रात्री तंबाखू मागण्यासारख्या साध्या शब्दांच्या इशाऱ्यावर रुमालाचा फास टाकावा, हा ठगांचा परिपाठ. गोष्ट सांगण्याची हातोटी हे त्यांचे पहिले हत्यार आणि रुमाल दुसरे. अमीर अली साहेबाशी त्याच गोडीने बोलत असतो, आणि सातशेएकोणीस माणसे मारल्याची कबुली देणाऱ्या या मनुष्याच्या गप्पांत आपणही त्याच्या सोबतीने वाट चालू लागलो आहोत, हे वाचकाच्या फार उशिरा ध्यानात येते.

पण अमीर अलीलाही आपण कोण हे ठाऊक नसते. ज्याला तो बाप मानतो त्या इस्माईलनेच त्याच्या खऱ्या बापाला मारून त्या लहान मुलाला उचलून आणलेले असते. गणेशा या म्हाताऱ्या ठगाने त्याच्या आईचा जीव घेतलेला असतो. पुढे अमीर अली स्वतः एका स्त्रीला ठार करतो आणि तिच्या गळ्यातील जुने नाणे काढून घेतो. ती त्याची सख्खी बहीण होती, हे त्याला तुरुंगात कळते. आजचे काही अभ्यासक ठगांच्या त्या जबान्यांवरच शंका घेतात. फाशी चुकवण्यासाठी बोलणारा मनुष्य ऐकणाऱ्याला हवे तेच सांगेल, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. टेलरला ती शंका आली होती की नाही कोण जाणे, पण त्याच्या कादंबरीत ती आहे.

त्यानंतर टेलरच्या स्वतःच्या आयुष्यात एक मुलगा आला. शोरापूर, म्हणजे आजचे सुरपूर, हे बेडर नायकांचे संस्थान. राजा वारला, मुलगा वेंकटप्पा नायक अल्पवयीन, राणी ईश्वरम्मा हट्टी. 1841 पासून बारा वर्षे टेलरने तेथील कारभार पाहिला. लोक त्याला महादेवबाबा म्हणत आणि छोटा राजा त्याला अप्पा म्हणे. 1853 मध्ये राज्य राजाच्या हाती सोपवून टेलर नळदुर्गला गेला. धाराशिवच्या परिसरात त्याने रस्ते केले, तलाव बांधले, जमिनीची मोजणी केली. तुळजापूरच्या व्यासशास्त्र्यांची विधवा मुलगी नायिका असलेली, अफझलखानाच्या काळातली त्याची ‘तारा’ ही कादंबरी याच मुलुखातली. 1857 च्या धामधुमीत त्याला फौजेविना बुलढाण्याला धाडले, आणि त्याने वऱ्हाड शांत ठेवले.

शोरापूर मात्र 1858 मध्ये उठले. राजा हैदराबादला पळाला, पकडला गेला. टेलर त्याला कैदेत भेटला. रेसिडेंटाला राजाला कोणी चिथावले ते हवे होते. अप्पाला तो ते सांगेल, असा अंदाज होता. राजाने नावे सांगितली नाहीत. जबानी घेण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्या एका जबानीत अपयश आले, आणि त्याचे त्याला वाईट वाटले असेल असे त्याच्या आत्मकथेवरून तरी दिसत नाही. फाशीची शिक्षा उतरत उतरत चार वर्षांच्या कैदेवर आली. किल्ल्यावर नेत असताना पहिल्याच मुक्कामाला अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून राजा गेला. चोविसाव्या वर्षापलीकडे तो जगणार नाही, असे पत्रिकेत असल्याचे राणीने टेलरला फार पूर्वी सांगितले होते. मग शोरापूरची व्यवस्था लावण्यासाठी सरकारने टेलरलाच पुन्हा तेथे पाठवले. ते संस्थान 1860 च्या तहाने निजामाला मिळाले आणि त्याच वर्षी टेलर प्रकृती खालावल्याने मायदेशी परतला.

1875 मध्ये तो एकदा पुन्हा हैदराबादला आला, तोवर त्याची दृष्टी गेली होती. परतताना 13 मे 1876 रोजी फ्रान्समधील मेंतोन येथे त्याचे निधन झाले. पुढल्या वर्षी त्याच्या मुलीने त्याची आत्मकथा प्रसिद्ध केली. सुरपूरच्या टेकडीवर त्याने बांधलेल्या बंगल्याला लोक अजून टेलर मंझिल म्हणतात.