पेशव्यांशी लढला अन् दख्खनचे पाखरू लिहून गेला; कोण होता कर्नल साइक्स?

रानात कलकलाट करत फिरणारे सातभाई गावात कोणाला माहीत नाहीत? त्यातल्या मोठ्या, करड्या जातीच्या शास्त्रीय नावात मात्र मुंबईचा एक इंग्रज गव्हर्नर बसलाय, सर जॉन माल्कम! हे बारसं केलं विल्यम हेन्री साइक्स या फौजी अधिकाऱ्यानं.

साइक्सचा जन्म १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. तेराव्या वर्षीच तो कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत लागला. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात होता. १८१७ मध्ये खडकीच्या आणि त्यानंतर पुण्याच्या लढाईत तो पेशव्यांच्या विरुद्ध लढला. म्हणजे पेशवाई बुडवणाऱ्यांतलाच हा एक, हे विसरून चालणार नाही.

त्या वेळी पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता एल्फिन्स्टन. तोच पुढं गव्हर्नर झाला आणि १८२४ मध्ये त्यानं साइक्सला दख्खनची माहिती गोळा करायला लावलं. माणसं किती, जमिनी कोणाच्या, पाऊस किती पडतो, सगळं. मुलूख नवा जिंकलेला, कारभार बसवायचा तर आधी मोजदाद पाहिजे, असा सरळ हिशोब. याच फिरस्तीत साइक्सनं पक्षी, जनावरं आणि नद्यांतले मासेही टिपले.

१८२९ च्या अखेरीस सरकारनं ते पदच रद्द केलं. दुसरा कोणी असता तर गुमान पलटणीत परतला असता. यानं रजा काढली आणि १८३१ च्या जानेवारीपर्यंत काम पुरं केलं.

१८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापून आली. दोनशेच्या वर जाती. पाणवठ्यावर टपून बसणारा भुरा बगळा, म्हणजे आपली ढोकरी, शास्त्राच्या वहीत पहिल्यांदा चढला तो इथंच. झुडपातला राखी वटवट्याही तसाच. रातव्याच्या एका जातीला तर त्यानं मराठ्यांच्या नावावरून महरट्टेन्सिस म्हटलं.

आता याला शोध म्हणायचं का? ढोकरी काय, गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होती. साइक्सनं केलं ते वर्णन आणि नोंद. त्या काळी अशा अभ्यासासाठी पक्षी मारूनच नमुने जमवत, हेही खरं. पण गावची भाषा त्यानं टाकली नाही. दख्खनच्या रानकुत्र्याची नोंद करताना मराठी माणसं त्याला कोळसून म्हणतात, हे त्यानं लिहून ठेवलं.

१८३३ मध्ये तो कर्नल म्हणून निवृत्त झाला. पुढं कंपनीचा संचालक, मग खासदार. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये वारला.

त्यानंच वर्णन केलेल्या एका तुरेवाल्या चंडोलाला इंग्रजीत आजही साइक्सचा चंडोल म्हणतात. कोरड्या, खडकाळ माळावर तो दिसतो. दुसऱ्या पाखरांच्या नकला करण्यात पटाईत, तेव्हा नुसत्या आवाजावर जाऊ नका, तुरा बघा.