गोरी अँड डिफीटेड रेल्वेचा मालक

मॉडेल रेल्वे म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती चावीची आगगाडी आणि पलंगाखाली गेलेला तिचा एक डबा. जॉन ॲलनने तळघरात जे उभं केलं त्याला खेळणं म्हणायला मात्र आपले सिव्हिल, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाले कुणीच धजावणार नाहीत.

हा अमेरिकन गृहस्थ १९१३ साली जन्मला. आईवडील लवकर गेले. त्यातच रुमॅटिक फीव्हर झाला आणि हृदय कायमचं अधू झालं. मैदानी खेळ वगैरे विषयच संपला. तो फोटोग्राफी शिकला, लॉस एंजेलिसला धंदा केला, तो विकून १९४६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी आला. गुंतवणूक बरी केली होती, त्यामुळे तिशीतच रिटायर! (हेवा वाटतो ना? मलाही वाटला.)

मग सुरू झाली 'गोर अँड डाफेटिड' रेल्वे. नाव भरभर म्हणा, 'गोरी अँड डिफीटेड' ऐकू येतं, म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत. प्रमाण १:८७. खरे रूळ १४३५ मि.मी. अंतरावर, इथे साडेसोळा. सहा फुटी माणूस जेमतेम २१ मि.मी.चा होतो. आधी टेबलावर मावेल एवढी छोटी मांडणी केली, पुढे तीच मोठ्या मांडणीत बसवून टाकली.

खरी अडचण जागेची. तळघर काही ताणून वाढत नाही. ॲलनने डोंगर थेट जमिनीपासून छतापर्यंत नेले, म्हणजे बघणारा दरीतच उभा! लांबच्या इमारती मुद्दाम लहान प्रमाणात केल्या आणि मोक्याच्या जागी आरसे लपवले, त्यामुळे गाव दुप्पट मोठं दिसे. त्या काळी मॉडेलं दुकानातून आल्यासारखी चकचकीत असत. ह्याने इंजिनांवर काजळी चढवली, छपरांना गंज आणला. आज हे सगळेच करतात, पण त्याची गोडी लावण्यात ॲलनचा वाटा फार मोठा. फोटो काढताना कॅमेऱ्याचं छिद्र अगदी बारीक ठेवायचा, म्हणजे जवळचा पूल आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट.

आणि हे नुसतं बघायला नव्हतं. मित्र जमत, जोरात पळणाऱ्या घड्याळावर टाइमटेबल लावून गाड्या चालवत. शंटिंगसाठी त्याने 'टाइमसेव्हर' नावाचं कोडं काढलं: थोडेसे रूळ, पाच सांधे, एक इंजिन आणि वाघिणी कमीत कमी वेळात जागच्या जागी लावायच्या. ग्राफ थिअरीवाल्यांनी जरूर करून बघावं, घाम फुटतो. गंभीर माणूस समजू नका हं. त्याच्या रेल्वेत शंटिंगला एमा नावाची एक स्टेगोसॉरसही होती, नंबर अर्थातच १३.

ह्या एका मांडणीवर त्याने जवळपास वीस वर्षं घालवली. ६ जानेवारी १९७३ ला त्या अधू हृदयाने दगा दिला. दहाच दिवसांनी घराला अपघाताने आग लागली आणि डोंगर, पूल, आरसे, बहुतेक सगळंच जळालं. एवढ्या वर्षांच्या मेहनतीची एका दिवसात राख झाली.

फोटो मात्र त्याने भरपूर काढून ठेवले होते. १९८१ मध्ये लिन वेस्टकॉट यांचं त्याच्यावरचं पुस्तक आलं. ती रेल्वे आता त्या फोटोंतच बघायची.