रंगस्वामी नरसिंहन

रंगस्वामी नरसिंहन (१७ एप्रिल, इ.स. १९२६ - ३ सप्टेंबर, इ.स. २००७) हे भारतीय संगणकशास्त्रज्ञ आणि बोधनशास्त्राचे अभ्यासक होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय बनावटीचा टिफ्रॅक हा संगणक उभारणाऱ्या गटाचे ते प्रमुख होते. भारतातील संगणकशास्त्रीय संशोधनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. माणसाची सामान्य समज आणि भाषा यंत्राच्या आधारे कशी अभ्यासता येईल, हा त्यांच्या उत्तरायुष्यातील संशोधनाचा मुख्य विषय होता.

प्रारंभिक जीवन

नरसिंहन यांचा जन्म मद्रास (आताचे चेन्नई) येथे झाला. गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून दूरसंचार अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी, तर इंडियाना विद्यापीठातून गणितातील डॉक्टरेट मिळवली. इ.स. १९५४ मध्ये ते भारतात परतले व होमी भाभा यांनी स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

टिफ्रॅक

त्या काळी भारतात संगणक जवळजवळ नव्हतेच. इ.स. १९५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बसवलेला संगणक ब्रिटनहून आणलेला होता. तयार यंत्र विकत आणावे की ते स्वतः घडवून त्याचे ज्ञान देशात निर्माण करावे, असा प्रश्न होता. टाटा संस्थेने दुसरा मार्ग पत्करला. नरसिंहन यांच्या हाताखालील तरुणांपैकी बहुतेकांनी पूर्वी संगणक हाताळलेलाही नव्हता.

इ.स. १९५६ मध्ये या गटाने एक प्रायोगिक यंत्र चालू करून दाखवले. त्या अनुभवावर आधारलेला पूर्ण आकाराचा संगणक इ.स. १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याच्या शब्दाची लांबी ४० बिट, तर फेराइट गाभ्यांच्या स्मृतीची क्षमता २,०४८ शब्दांची होती. इ.स. १९६२ मध्ये तत्कालीन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले.

परदेशात तोवर ट्रान्झिस्टरवर चालणारे संगणक येऊ लागले होते, त्यामुळे टिफ्रॅक लवकरच मागे पडला. इ.स. १९६४ मध्ये संस्थेने सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आणला. मात्र टिफ्रॅकमुळे यंत्ररचना आणि आज्ञावली लेखन जाणणारी माणसे देशात तयार झाली, आणि हेच त्या प्रकल्पाचे टिकाऊ फळ मानले जाते.

चित्रांचे व्याकरण

इ.स. १९६१ ते १९६४ या काळात नरसिंहन अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात होते. तेथे इलियाक-३ या संगणकाची आखणी चालू होती. बुद्बुद कोठीत मूलकणांचे मार्ग दाखवणारी हजारो छायाचित्रे आपोआप तपासणे, हा त्या यंत्राचा हेतू होता. चित्र ओळखणे म्हणजे ते ठरावीक गटांपैकी एकात टाकणे, अशी तोवरची रूढ पद्धत होती. नरसिंहन यांनी वेगळी मांडणी केली. वाक्य जसे शब्दांचे बनते, तसे चित्र रेषा, टोके आणि छेदनबिंदू यांचे बनते. म्हणून यंत्राने चित्राचे नाव सांगून न थांबता त्याच्या रचनेचे वर्णन करावे, असे त्यांनी प्रतिपादले. आकृतिबंध ओळखण्याच्या व्याकरणाधिष्ठित शाखेच्या आरंभीच्या कामांत या संशोधनाचा समावेश होतो.

भाषावर्तन आणि सामान्य समज

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात सामान्य समजेचा प्रश्न आरंभापासून कळीचा ठरला आहे. पाण्याने भरलेला तांब्या उपडा केला की पाणी सांडते, हे लहान मूल जाणते. ते त्याला कोणी नियम म्हणून शिकवलेले नसते. यंत्राला मात्र अशी प्रत्येक गोष्ट सांगावी लागते. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी इ.स. १९५० च्या दशकाच्या अखेरीस असे ज्ञान तर्कशास्त्राच्या विधानांत लिहून काढावे व यंत्राने त्यावरून अनुमाने करावीत, असा कार्यक्रम मांडला. इ.स. १९८४ मध्ये सुरू झालेल्या सायक प्रकल्पाने अशी विधाने मोठ्या प्रमाणावर संकलित करण्याचे काम हाती घेतले.

नरसिंहन दुसऱ्या बाजूने या प्रश्नाकडे वळले. माणूस हा आधी जगात वावरणारा, वस्तू हाताळणारा आणि इतरांशी व्यवहार करणारा कर्ता आहे, आणि भाषा या वावरातून उगवते, ही त्यांच्या विचाराची बैठक होती. त्यामुळे वाक्यांचे व्याकरण तेवढे तपासून भाषा समजणार नाही. सांगणे, विचारणे, आज्ञा करणे, वर्णन करणे अशा व्यवहारांत ती पाहावी लागेल, असे त्यांचे मत होते. यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तमीळ भाषक घरातील मूल आणि मोठी माणसे यांच्यातील ध्वनिमुद्रित संवादांचा अभ्यास केला. भाषावर्तनाच्या प्रतिमानांविषयीचा त्यांचा ग्रंथ इ.स. १९८१ मध्ये, तर भाषेचे संपादन आणि उत्क्रांती यांवरील ग्रंथ इ.स. १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच विचारातून ते साक्षरतेच्या प्रश्नाकडे आले. साक्षरता म्हणजे केवळ लिहिता-वाचता येणे, ही व्याख्या त्यांना अपुरी वाटली. वेदपठणाच्या मौखिक परंपरेत पदपाठासारख्या पद्धतींनी भाषेचे बारकाईने पृथक्करण झाले होते. लेखनाशी जोडली जाणारी चिकित्सा लेखनाविनाही शक्य होती, याचा तो दाखला ठरतो, असे त्यांनी दाखवले.

त्यांच्या मांडणीतून सामान्य समज असणारे यंत्र तयार झाले नाही. मात्र बुद्धीचा विचार शरीर, परिसर आणि सहवास यांपासून तोडून करता येईल का, हा त्यांनी हाताळलेला प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

संस्थात्मक कार्य

नरसिंहन हे कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया या संघटनेचे पहिले अध्यक्ष होते. इ.स. १९७५ मध्ये भारत सरकारची सीएमसी ही कंपनी स्थापन होण्यात त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. इ.स. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडल्यावर तिच्या यंत्रांच्या देखभालीचे काम याच कंपनीने सांभाळले. टाटा संस्थेत त्यांच्या पुढाकाराने सॉफ्टवेअर विकासाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. त्यातूनच पुढे मुंबईत नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था आकाराला आली व कालांतराने ती सी-डॅकमध्ये विलीन झाली.

सन्मान आणि मृत्यू

भारत सरकारने इ.स. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्काराने गौरवले. निवृत्तीनंतर ते बंगळूर येथे राहत होते व अखेरपर्यंत लेखन करीत होते. साक्षरतेवरील आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवरील त्यांचे ग्रंथ इ.स. २००४ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी प्रकाशित झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, ३ सप्टेंबर, इ.स. २००७ रोजी त्यांचे निधन झाले.