थॉमस ब्यूइक

या इंग्रज खोदचित्रकाराचा जन्म इ. स. १७५३ मध्यें नॉर्थंबरलंड परगण्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. लहानपणीं त्यानें दगड मारून एक बुलफिंच पक्षी पाडला. हातांत घेतलेल्या त्या मुक्या जीवाची केविलवाणी नजर त्याच्या काळजास भिडली. पुन्हां त्यानें स्वतःच्या हातें पक्षी मारला नाहीं.

१७६७ सालीं न्यूकॅसल येथें तो खोदकाम शिकूं लागला. बॉक्सवुडच्या घट्ट लाकडाच्या आडव्या छेदावर तो पीस न् पीस कोरी. कारण प्रत्येक पिसांत त्यास निर्मात्याचा हात दिसे. त्याच्या ब्रिटिश पक्ष्यांवरील ग्रंथाचे दोन भाग १७९७ व १८०४ सालीं निघाले. आपल्यापायीं पुढेंही पुष्कळ पक्षी मारले गेले, हें त्यानें आत्मचरित्रांत प्रांजळपणें कबूल केलें आहे. १८२८ सालीं तो निवर्तला.

मुलांनो, दगड उचलण्यापूर्वीं त्या पक्ष्याकडे क्षणभर पाहा.