आपल्या शेजारचे लक्ष्मणराव

स्मरणिका समितीची मंडळी घरी आली आणि म्हणाली की काका, तुमची सगळी नोकरी कारखान्यात गेली, तेव्हा आपल्या सोसायटीत आयटीआय, डिप्लोमा आणि इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलांसाठी करिअरबद्दल चार शब्द लिहा. मी आधी नाहीच म्हणत होतो. उपदेश कुणाला आवडतो? आणि माझ्या करिअरमध्ये सांगण्यासारखं काय आहे? शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डिंग शॉपला लागलो, तिथूनच निवृत्त झालो. पण एका माणसाची गोष्ट मात्र मला सांगायची आहे, कारण ती आमच्या घरात उपयोगी पडली.

गेल्या काही वर्षांत आपल्या सोसायटीतली बरीच मुलं रेल्वेच्या परीक्षा देतात. माझ्या भावाच्या मुलानेही दिली, असिस्टंट लोको पायलटची. आयटीआय फिटर, दोन वर्षं अभ्यास केला, लेखी पास झाला, घरात पेढे वाटले. मग मेडिकलला गेला आणि तिथे कळलं की त्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. सिग्नलचा प्रश्न असल्यामुळे त्या कामाला रंगदृष्टी एकदम चोख लागते, त्यात चूक कुणाचीच नाही. पण पोरगं खोलीत जाऊन बसलं ते चार महिने बाहेर येईना. वहिनी रोज रडायची. मी काय बोलणार? तेव्हा मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले.

बेळगावला बाजाराला गेलो की किर्लोस्कर रोडवरून आपण सगळेच जातो. लग्नाचा बस्ता असो की दवाखाना, चंदगडकरांना बेळगाव लागतंच. पण त्या रस्त्याला ते नाव का पडलं, हे मी किती जणांना विचारलं, कुणाला सांगता आलं नाही. तिथे लक्ष्मणरावांचं सायकलचं दुकान होतं.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. म्हणजे आपल्या शेजारचेच. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं मन मात्र चित्रांत आणि यंत्रांत. 1885 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, वडिलांच्या मनाविरुद्ध ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. पैशाची जबाबदारी थोरले भाऊ रामूअण्णांनी घेतली.

दोनेक वर्षं झाली आणि लक्षात आलं की त्यांना काही रंग ओळखू येत नाहीत. चित्रकाराला रंग दिसू नयेत! ज्याच्यासाठी बापाचा शब्द मोडला, भावाला खर्चात घातलं, ते सगळं संपल्यात जमा. माझ्या पुतण्याची जी गत झाली तीच. त्या वयात माणूस गावाकडे परतला असता तरी कुणी नावं ठेवली नसती.

लक्ष्मणरावांनी एक गोष्ट केली. आपल्याकडून काय गेलं याच्याबरोबर काय उरलंय तेही पाहिलं. रंग गेले, पण रेघ उरली होती. हात सरळ होता, नजर मापाची होती. यंत्राच्या ड्रॉइंगला रंग लागत नाहीत. त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं आणि त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षकाची नोकरी मिळवली. काम ड्रॉइंग शिकवायचं. पण सुट्टीच्या दिवशी हा माणूस वर्कशॉपमध्ये. कागदावर काढलेला भाग लोखंडात कसा उतरतो, लेथवर कसा फिरतो, हे हात काळे करून शिकून घेतलं. पगार त्याचा मिळत नव्हता.

आपल्या मुलांना मी हेच सांगतो. ड्रॉइंग वाचणारे पुष्कळ असतात, मशीन चालवणारेही पुष्कळ. दोन्ही जमतं असा माणूस शंभरात पाच नसतो. आमच्या फौंड्रीत पॅटर्नचं ड्रॉइंग चुकलेलं साहेबाच्या आधी ओळखणारा एक मोल्डर होता. कास्टिंगमध्ये ब्लो होल आले की साहेब आधी त्याला शोधायचे.

नोकरीत असतानाच, 1888 साली, लक्ष्मणरावांनी रामूअण्णांबरोबर सायकलचा धंदा सुरू केला. मुंबईत सायकली घ्यायच्या, बेळगावला पाठवायच्या, रामूअण्णांनी विकायच्या आणि गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायचीही. त्या शिकवणीचे ते 15 रुपये घेत. सायकलचीच किंमत 700 ते 1000 रुपये, म्हणजे बघा ती किती अपूर्वाईची चीज होती. नोकरी सोडून एकदम उडी मारली नाही. पाय टेकायला जागा झाली का, ते आधी पाहिलं.

मग ती वेळ आली. इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची जागा होती, हक्क लक्ष्मणरावांचा होता, आणि ती एका अँग्लो इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

इथे माझं थोडं सांगतो. मलाही एकदा फोरमनची जागा अशीच हुकली होती. मी राजीनामा दिला नाही. ते ठीकच झालं, मुलांची शिक्षणं चालू होती. पण मी दुसरं काहीतरी केलं, जे चुकीचं होतं. मी रुसलो. सांगितलं तेवढंच काम करायचं, नवीन काही शिकायचं नाही, असं सात-आठ वर्षं चाललं. कारखान्याचं त्याने काही अडलं नाही. त्या काळात नवी फर्नेस आली, नवीन सँड प्लँट आला, आणि ते शिकून घेतलेली पोरं माझ्या पुढे गेली. लक्ष्मणराव राहिले नाहीत आणि रुसलेही नाहीत. राहायचं असेल तर मनापासून राहावं, जायचं असेल तर तयारीने जावं. मधलं जे आहे, ते माणसाला खातं.

बेळगावात आल्यावर लक्ष्मणरावांनी आजूबाजूला पाहिलं. शेतकऱ्याला काय लागतं? जनावरांसाठी कडबा कापायला लागतो. म्हणून कडबा कापायचं यंत्र केलं. मग लोखंडी नांगर. आणि इथे त्यांची खरी परीक्षा झाली. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज. नांगर तयार होऊन पडलेले, घेणारा कुणी नाही. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली म्हणतात. माल चांगला असणं आणि तो लोकांनी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिनिअर माणसाला हे उमगायला वेळ लागतो. आपल्याला वाटतं, काम चांगलं केलंय ना, मग लोकांना दिसेलच. नाही दिसत. गिऱ्हाइकाच्या बांधावर जाऊन दाखवावं लागतं, त्याची शंका ऐकून घ्यावी लागते.

जरा बस्तान बसतंय तोवर बेळगावच्या म्युनिसिपालिटीच्या निर्णयामुळे कारखान्याची जागा सोडायची पाळी आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जमीन देऊ केली आणि 10,000 रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. जमीन कसली, निवडुंगाचं रान आणि त्यात नाग. 1910 च्या मार्चमध्ये लक्ष्मणराव तिथे गेले. वय चाळिशीच्या पुढे, संसार मोठा. तीच आजची पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी.

ही वाडी उभी करणारी माणसं पाहिली की नवल वाटतं. अनंतराव फळणीकरांचं शिक्षण अर्ध्यातच सुटलेलं, पण यंत्राची कल्पकता अशी की कारखाना त्यांच्यावर विसंबून असे. शंभूराव जांभेकर इंजिनिअरिंग बघत, मंगेशराव रेगे हिशोब, रामूअण्णा व्यवस्था. राखणदार तर एकेकाळचे नामचीन दरोडेखोर. लक्ष्मणराव कागद पाहत नसत, हात आणि नियत पाहत.

पहिल्या महायुद्धात बिडाचा तुटवडा पडला. बीड नाही तर फौंड्री बंद, हे मला वेगळं सांगायला नको. त्या वेळी आपल्या राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा नांगर ओतायला दिल्या. तोफेचा नांगर झाला! कोल्हापूर जिल्ह्याला याचा अभिमान वाटायला हवा. पुढे उसाचे चरक आले, भुईमूग फोडायचं यंत्र आलं, पंप आले, इंजिनं आली. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकून 1926 मध्ये परतला आणि किर्लोस्करवाडीतच कामाला लागला. 26 सप्टेंबर 1956 ला लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये, जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

ही सगळी गोष्ट मी पुतण्याला एका बैठकीत सांगितली नाही. थोडी थोडी सांगितली. एक दिवस त्याला गाडीवर घालून किर्लोस्कर रोडवरून फिरवून आणलं, येताना शिनोळीत चहा घेतला. त्याने एवढंच विचारलं की त्यांना कुठले रंग दिसत नव्हते. ते मला माहीत नव्हतं. पण पोरगं बोललं, हे पुष्कळ झालं.

आज तो काय करतो? आपल्या तालुक्यात काजूचे कारखाने गावोगाव आहेत. कटिंग मशीनची पाती झिजतात, बॉयलरचे व्हॉल्व्ह गळतात, ड्रायरचे पंखे बसतात, आणि मेकॅनिक आणायचा तर बेळगाव नाहीतर कोल्हापूर. सीझनमध्ये एक दिवस मशीन बंद म्हणजे कामावर आलेल्या बायांचा रोज बुडाला. आमचा फिटर आता गाडीला टूलबॉक्स बांधून कारखान्या-कारखान्यात जातो. वायरिंगच्या कामाला हात लावत नाही, कारण वायरीचे रंग चुकले तर जिवाशी गाठ. ते काम दुसऱ्या मुलाला देतो. बाकी पाती, बेअरिंग, शाफ्ट सगळं त्याचं. फार मिळतात असं नाही. रेल्वेचा पगार, पेन्शन यात नाही, आणि वहिनी अजून मधूनच उसासा टाकते. पण तो सकाळी सातला घराबाहेर पडतो, आणि परवा त्याने पात्याचा नवा होल्डर स्वतः ड्रॉइंग काढून करून घेतला. ड्रॉइंग मला दाखवायला आणलं होतं. एक माप चुकलं होतं, ते मी दाखवलं.

आपल्या सोसायटीला 25 वर्षं झाली. पहिला प्लॉट आखला तेव्हा इथेही झुडपंच होती. मुलांनो, कुठे अडलात तर आमच्या दारात या. नोकरी द्यायला माझ्याकडे नाही, पण ड्रॉइंग तपासून देईन आणि चहा मिळेल. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.