सिनेमाचे बोर्ड रंगवणारा पंढरपूरकर

भिंती आणि बोर्ड रंगवणं, याला तुम्ही करिअर म्हणाल? उत्तर द्यायच्या आधी आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसाची गोष्ट वाचा.

मकबूल फिदा हुसेन. जन्म पंढरपूरचा, १७ सप्टेंबर १९१५. दीड वर्षाचा असताना आई गेली, तिचा चेहराही त्याला आठवत नसे. पुढे वडिलांसोबत इंदूर आणि १९३०च्या दशकात थेट मुंबई.

तेव्हा फ्लेक्स नव्हते. सिनेमाचे बोर्ड हातानेच रंगवायचे. छोट्या फोटोवर चौकोन आखायचे, तेच मोठे करून बोर्डावर उतरवायचे आणि परांचीवर चढून रंग भरायचा. इतक्या जवळून नायिकेचा चेहरा दिसतच नाही, दिसतो नुसता रंग! म्हणून अख्खं चित्र डोक्यात पक्कं हवं आणि हात सपासप चालायला हवा. मजुरी चौरस फुटावर, तीही आण्यांत. सिनेमा उतरला की चित्रही गेलं. लग्नानंतर घर चालवायला हुसेन यांनी फर्निचरच्या कंपनीत मुलांची खेळणीसुद्धा डिझाइन केली.

ही तालीम वाया गेली नाही. १९४७मध्ये ते सूझा, रझा, आरा यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले. मोठाले कॅनव्हास, ठसठशीत रेषा, वेग. त्यांचे घोडे बघा, बोर्डवाल्याचा हात लगेच ओळखू येईल. १९६४मध्ये कवी मुक्तिबोध गेले, तेव्हापासून त्यांनी चप्पल सोडली. १९६७मध्ये त्यांच्या लघुपटाला बर्लिनमध्ये गोल्डन बेअर मिळालं. १९७१मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो प्रदर्शनात पिकासोबरोबर खास निमंत्रण आलं.

शेवट मात्र सोपा नाही. देवदेवतांच्या नग्न चित्रांमुळे अनेकांच्या भावना दुखावल्या. खटले झाले, धमक्या आल्या, हल्लेही झाले. २००६मध्ये त्यांनी देश सोडला. २००८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे अश्लीलतेचे खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. २०१०मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं आणि ९ जून २०११ला लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. दफनही इंग्लंडमध्येच.

त्या चित्रांबद्दल तुमचं मत काहीही असो. पण चौकात कुणी परांचीवर चढून भिंत रंगवताना दिसलं, तर क्षणभर थांबून बघा. आणि पंढरपूरला गेलात, चंद्रभागेच्या वाळवंटात अनवाणी उभे राहिलात, तर या मातीत जन्मलेला आणखी एक अनवाणी माणूस आठवा. तो जगभर फिरला, शेवटी घरी मात्र येऊ शकला नाही.