वाफेमागचा मापारी

चहाच्या किटलीचे झाकण उडताना पाहून जेम्स वॅटला इंजिन सुचले, ही शाळेतली गोष्ट आपल्या मनात इतकी रुतून बसली आहे की, खरा वॅट त्या वाफेतच हरवून गेला. वाफेचे इंजिन त्याच्या जन्माआधीच, १७१२ मध्ये, न्यूकॉमेनने चालवून दाखवले होते. वॅट हा मुळात मोजमापाची उपकरणे करणारा कारागीर. मोजल्याशिवाय बोलायचे नाही, हा त्याचा आयुष्यभराचा बाणा.

स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदरगावी १९ जानेवारी १७३६ रोजी त्याचा जन्म झाला. लंडनमध्ये वर्षभर उमेदवारी करून तो परतला आणि १७५७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने त्याला आवारातच कार्यशाळा दिली. १७६३-६४ मध्ये न्यूकॉमेनच्या इंजिनाची छोटी प्रतिकृती तेथे दुरुस्तीला आली. किती पाण्याची किती वाफ होते, ती थंड करायला किती पाणी लागते, याचा हिशेब त्याने मांडला. दर ठोक्याला सिलिंडर गार करून पुन्हा तापवण्यात बरीचशी उष्णता वाया जाते, हे त्यातून उघड झाले. १७६५ मध्ये स्वतंत्र कंडेन्सरची कल्पना सुचली, १७६९ मध्ये पेटंट मिळाले आणि १७७५ पासून बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनशी भागीदारी सुरू झाली.

गिऱ्हाईक विचारी, हे इंजिन किती घोड्यांचे काम करील? वॅटने उत्तर आकड्यात दिले. मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती.

पण आकडे देशोदेशी सारखे बोलत नाहीत, हे त्याला १७८३ मध्ये कळून चुकले. आयरिश रसायनज्ञ किरवान आणि फ्रान्सचा लव्हाझिए यांचे प्रयोग तो ताडून पाहत होता. दोघांच्या लेखनात पौंड आणि इंच होतेच. पण फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा. लांबीतला फरक साडेसहा टक्क्यांचा, पण घन इंचात तोच एकवीस टक्क्यांवर जाई. रूपांतराच्या या कटकटीला वैतागून वॅटने किरवानला पत्र लिहिले. शास्त्रज्ञांपुरता तरी एक पौंड ठरवावा, त्याचे दहा औंस आणि दहा हजार ग्रेन करावेत, अशी ती सूचना होती. १७८६ मध्ये तो पॅरिसला गेला, लव्हाझिएलाही भेटला. पुढे १७९५ मध्ये फ्रान्सने दशमान पद्धतीचा कायदा केला. लव्हाझिए मात्र तो पाहायला उरला नव्हता. १७९४ मध्येच त्याचा शिरच्छेद झाला होता.

वॅटचा दुसरा विशेष म्हणजे दाबाची धास्ती. तरुणपणी पापँच्या बंद भांड्यातील जोरदार वाफेवर त्याने प्रयोग केले होते. पण भांडे फुटण्याचा धोका ओळखून तो मार्ग सोडला. त्याचे बॉयलर हवेच्या दाबापेक्षा थोड्याच अधिक दाबावर चालत. ट्रेव्हिथिकच्या उच्च दाबाच्या इंजिनांना त्याचा कडवा विरोध होता. १८०३ मध्ये ग्रीनिचला तसा एक बॉयलर फुटून माणसे दगावली. तरी पुढचा जमाना उच्च दाबाचाच ठरला. वॅटच्या विरोधात धंद्याचा स्वार्थ होता, तशी खरी भीतीही होती.

ती भीती आजही बॉयलरच्या आराखड्यावर बसलेली आहे. पत्र्याची जाडी दाब आणि व्यासावर ठरते. अमेरिकी आराखडा दाब दर चौरस इंचाला पौंडांत सांगतो, आपल्याकडचा गेज चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅममध्ये, युरोपातला बारमध्ये. शंभर पौंडांचा दाब म्हणजे ७.०३ किलोग्रॅम किंवा ६.८९ बार. एकक वाचण्यात गफलत झाली, तर चूक चौदा पटींची. शिवाय तो दाब हवेच्या दाबावरचा की हवेचा दाब धरून, हे लिहिले नसेल, तर आणखी १४.७ पौंडांचा घोळ.

२५ ऑगस्ट १८१९ रोजी वॅट वारला. १८८२ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शक्तीच्या एककाला त्याचे नाव दिले आणि १९६० मध्ये ते आंतरराष्ट्रीय पद्धतीत आले. पण त्याच्या अश्वशक्तीची मात्र दोन मापे झाली. इंग्रजी अश्वशक्ती सुमारे ७४६ वॅटची, मेट्रिक ७३५.५ वॅटची. ज्या कटकटीतून शास्त्रज्ञांना सोडवायला तो निघाला होता, तिच्यातून त्याचा घोडाही सुटला नाही.